सदनिका आपली, गच्ची सर्वांची : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सदनिकेत राहण्याविषयी नाशिकच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रे आवश्यक तेवढी संक्षिप्त केली असून लेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : पंचवटीत गोदाघाटाजवळ आमचे जुने दुमजली घर आहे. मोठा पूर आला की तळमजल्यावर पाणी येते. आई-वडील सत्तरीच्या पुढचे आहेत. घर विकून पाथर्डी फाट्याच्या बाजूला पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट घ्यावा, असे मला वाटते. वडील म्हणतात, ‘जमीन जाईल आणि हवेतली खोली हाती येईल.’ आईची काळजी निराळी आहे. तिला गच्ची आणि शेजार दोन्ही हवे आहेत. खरे फायदे-तोटे कोणते?

उत्तर : तुमच्या घरात तीन मते आहेत आणि तिन्हींत तथ्य आहे. पुराचा मुद्दा आधी घेऊ, कारण त्याच्यावर आवडीनिवडीचा काही उपाय चालत नाही. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी लागले यावरून पूर मोजणाऱ्या या गावाने २ ऑगस्ट २०१६ रोजी सराफ बाजारापर्यंत पाणी शिरलेले पाहिले आहे. रात्री-अपरात्री धान्याचे डबे आणि गाद्या माडीवर चढविण्याचे काम सत्तरी ओलांडलेल्या माणसांकडून दर काही वर्षांनी करून घेणे योग्य नव्हे. त्याशिवाय घर निळ्या पूररेषेच्या (नदीजवळच्या) आत येते की निळ्या आणि लाल (तिच्यापलीकडच्या) रेषेच्या मधल्या पट्ट्यात, हे महापालिकेच्या नगररचना विभागातून लेखी काढून घ्यावे. या रेषांच्या आत नव्या बांधकामावर बंधने असल्यामुळे जागेचा भाव आणि पुढची शक्यता या दोन्ही गोष्टी त्या एका कागदावर अवलंबून आहेत.

वडिलांची शंका अर्धी बरोबर आहे. इमारत अपार्टमेंट म्हणून नोंदलेली असेल, तर तुमच्या नावाच्या ‘डीड ऑफ अपार्टमेंट’मध्ये जमिनीतील तुमचा अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. सहकारी सोसायटी असेल, तर जमीन सोसायटीच्या नावे व्हावी लागते आणि तुम्ही सभासद म्हणून तिच्यात वाटेकरी राहता. हे कागद झालेले असतील, तर जमीन जात नाही. ती सामाईक होते. ते झालेले नसतील, तर मात्र वडिलांचे ‘हवेतली खोली’ हे शब्द शब्दशः खरे ठरतात. त्याच्या जोडीला बांधकाम पूर्णत्वाचा दाखला पाहावा. नकाशात कपाट म्हणून दाखविलेली जागा खोलीत मिसळल्यामुळे नाशिकमध्ये कितीतरी इमारतींचे दाखले अडकून पडले होते आणि ‘कपाट प्रश्न’ या नावाने तो विषय गाजला होता, हे तुम्हाला आठवत असेल. दाखल्यावाचून राहायला गेलेल्यांनी त्या काळात कर्जासाठी आणि विक्रीसाठी किती खेटे घातले, हे कोणत्याही जुन्या वकिलाला विचारावे.

आता पाणी, ज्याची चौकशी फ्लॅट पाहायला जाणारे सर्वांत शेवटी करतात. गंगापूर आणि मुकणे धरणांचे पाणी महापालिकेच्या जलवाहिनीतून इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीपर्यंत येते. तेथून गच्चीवरच्या टाकीपर्यंत ते चढवायचे काम सोसायटीच्या पंपाचे. म्हणजे धरण भरलेले असले, तरी सकाळी सहाला पंप जळाला की सगळी बिऱ्हाडे बादल्या घेऊन जिन्यात. उपनगरांतल्या काही इमारतींत नळाचे पाणी पिण्यापुरते येते आणि बाकी सारे बोअरवर नाही तर टँकरवर चालते. याची खूण विक्रेत्याला विचारावी लागत नाही. न्हाणीघरातल्या नळाच्या तोंडाशी, शॉवरच्या छिद्रांत आणि फरशीच्या कडेला पांढरा खरखरीत थर बसलेला दिसला, तर जड पाणी वापरात आहे असे समजावे. गीझरची कॉइल किती वर्षांनी बदलावी लागते, हे शेजारच्या बिऱ्हाडातील बाई न विचारता सांगतील. श्रावणात पाहिलेली इमारत वैशाखात वेगळी असते, म्हणून एप्रिल-मे महिन्यांतली टँकरची बिले सेक्रेटरींकडे मागावीत. ती दाखवायला कुणी खळखळ केली, तर तेही एक उत्तरच आहे.

पाचवा मजला मला खटकतो. वारा चांगला येतो, डास कमी असतात, हे मान्य. परंतु वीज गेली आणि जनरेटर नसला किंवा लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद राहिली, तर गुडघेदुखी असलेली व्यक्ती वर किंवा खाली अडकून पडते. चार-सहा माणसांच्या लहान लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवे जात नाही, मग रुग्णाला खुर्चीत बसवून जिन्याने उतरवावे लागते. म्हणून फ्लॅट पाहायला जाताना मोजपट्टी न्यावी आणि स्वयंपाकघराच्या ओट्याआधी लिफ्टचा गाळा व जिन्याचे वळण मोजावे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावर त्याच इमारतीत जागा मिळत असेल, तर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

आईंच्या बाबतीत लाभ आणि हानी एकाच दारातून येतात. सपाट फरशी, आत संडास-न्हाणी, खाली वॉचमन आणि हाक मारली तर भिंतीपलीकडे माणूस असणे, हे म्हातारपणी फार मोलाचे आहे. मुले कामावर गेल्यावर दिवसभर एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना स्वतंत्र घरापेक्षा इमारत अधिक सुरक्षित वाटते, असा आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतला सूर आहे. उलट, ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणे संपते. फ्लॅटचे दार लोटले की आपोआप लागते आणि शेजारी भेटायचे ते लिफ्टमध्ये, तेही मजला येईपर्यंत. गच्चीचे म्हणाल, तर ती कागदावर सर्वांची असते आणि तिची किल्ली एकाकडे असते. चैत्रात कुरडया-पापड वाळत घालू देतात का, ही चौकशी क्षुल्लक समजू नये, कारण टाक्यांच्या आणि सोलरच्या सुरक्षेचे कारण देऊन अनेक ठिकाणी गच्चीला कायमचे कुलूप असते. तुळशीला ऊन मिळेल अशी बाल्कनी आहे ना, आणि मेमध्ये तापणारी पश्चिमेची भिंत नेमकी आई-वडिलांच्या झोपण्याच्या खोलीची नाही ना, हे दुपारी चार वाजता जाऊन पाहावे. फ्लॅट दाखविणारे नेहमी सकाळचीच वेळ देतात.

माझा सल्ला असा की, घर एकदम विकू नये. पाथर्डी फाट्याच्या परिसरात, शक्य झाल्यास त्याच इमारतीत, अकरा महिन्यांच्या करारावर जागा घेऊन एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढावा. भाडे वाया गेले असे वाटेल, पण आयुष्यभराच्या पुंजीचा व्यवहार करताना एवढा खर्च जास्त नाही, आणि तोपर्यंत वडिलांना कागद पाहायला व आईंना गच्चीची किल्ली कुणाकडे असते हे कळायला पुरेसा वेळ मिळेल.

प्रश्न : गंगापूर रोडवरील इमारतीत आमचा तळमजल्याचा फ्लॅट आहे. आम्ही लिफ्ट वापरत नाही, तरी मेंटेनन्समध्ये तिचा खर्च घेतात. शिवाय आमचा फ्लॅट लहान असून मोठ्या फ्लॅटइतकीच रक्कम मागतात. हे कायदेशीर आहे का?

उत्तर : तुमची इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट, हे पत्रात लिहिलेले नाही आणि सारे उत्तर त्यावर अवलंबून आहे. आपल्याकडे दारावरच्या पाटीवर ‘अपार्टमेंट’ लिहिलेली सोसायटीही असते आणि ‘सोसायटी’ म्हणवणारे अपार्टमेंटही असते, त्यामुळे पाटी न वाचता नोंदणीचा कागद वाचावा.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली गृहनिर्माण सोसायटी असेल, तर आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीनुसार) वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे, कार्यालय असा सेवाखर्च सर्व सदनिकांवर समान वाटला जातो. क्षेत्रफळ लहान असल्याने तो कमी होत नाही. लिफ्टच्या देखभालीचा खर्चही त्या इमारतीतील सर्व सभासदांनी समान द्यायचा असतो, मग ते तिचा वापर करोत वा न करोत. पाण्याचा खर्च मात्र प्रत्येक सदनिकेतील नळांच्या संख्येवर ठरतो. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खालची इमारत असेल, तर सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने विभागला जातो आणि लहान फ्लॅटला तो साहजिकच कमी येतो. मतांचेही तसेच आहे : सोसायटीत एका सभासदाला एक मत, अपार्टमेंटमध्ये हिश्श्याचे वजन.

हे तुम्हाला अन्यायाचे वाटत असेल, तर एका गोष्टीचा विचार करावा. वरच्या मजल्यावरच्याला तळमजल्यासमोरच्या फरसबंदीचा आणि तुमच्या खिडकीखाली तुंबलेल्या ड्रेनेजच्या चेंबरचा खर्चही द्यावाच लागतो. प्रत्येकाने वापरले तेवढेच द्यावे असे ठरवले, तर जिन्यातला दिवा कुणाच्या नावावर लावायचा, यावरच वार्षिक सभा संपेल. माझ्या मते मासिक रकमेपेक्षा निधीकडे अधिक लक्ष द्यावे. जमिनीची किंमत वगळून सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची राखीव पुंजी) आणि किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी दरवर्षी जमा करावा, असे उपविधी सांगतात. बांधकाम खर्च २० लाख धरला, तर हे ५,००० आणि १५,००० मिळून वर्षाला २०,००० रुपये होतात. मेंटेनन्स स्वस्त आहे म्हणून अभिमान बाळगणाऱ्या बऱ्याच इमारतींत हे दोन रकाने ताळेबंदात नसतातच, आणि मग रंगकामाच्या वर्षी प्रत्येकाकडून एकरकमी मोठी वर्गणी मागितली की तंटे सुरू होतात.

प्रश्न : इंदिरानगरमध्ये आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. पावसाळ्यात दिवाणखान्याच्या छताला ओल येते आणि पोपडे पडतात. समितीचे म्हणणे असे की, गच्ची तुमच्या डोक्यावर आहे, तेव्हा वॉटरप्रूफिंग तुम्हीच करून घ्या.

उत्तर : वरच्या मजल्याचा लाभ म्हणजे पायांची दणदण ऐकावी लागत नाही, आणि तोटा तुम्ही भोगतच आहात. परंतु समितीचे म्हणणे चुकीचे आहे. सोसायटीच्या आदर्श उपविधींत गच्चीची दुरुस्ती, पावसाच्या पाण्याची गळती आणि त्या गळतीमुळे वरच्या मजल्यावरील सदनिकेच्या छताचे व गिलाव्याचे झालेले नुकसान, ही सर्व कामे सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायची आहेत. गच्ची सर्वांची असेल, तर तिच्यातून ठिबकणारे पाणीही सर्वांचेच आहे. तुमच्या न्हाणीघरातून किंवा स्वयंपाकघराच्या सिंकमधून खालच्याकडे पाणी उतरत असेल, तेवढी जबाबदारी तुमची.

दुरुस्तीआधी कारण शोधावे, कारण बहुतेक ठिकाणी नवा लेप मारून पैसे वाया जातात. गच्चीवर जाऊन सोलर वॉटर हीटरच्या स्टँडचे पाय पाहावेत. कोबा फोडून त्यात बोल्ट ठोकलेले असतील आणि भोवताली भेगा दिसत असतील, तर पाणी तेथूनच शिरते. कोबा ते आत धरून ठेवतो आणि पाऊस थांबून आठवडा झाला तरी तुमच्या पंख्याच्या हुकातून थेंब पडत राहतो. दुसरी जागा म्हणजे पावसाळी पाइपची जाळी. कबुतरांची पिसे, सुकी पाने आणि कुणीतरी टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी तिच्यावर बसली की गच्चीचे तळे होते आणि पाणी पॅरापेटच्या (कठड्याच्या) सांध्यातून उतरते. ही जाळी मृग लागण्याआधी साफ करायला वॉचमनला अर्धा तास पुरतो. तिसरी शक्यता वरच्या टाकीच्या गळतीची. उन्हाळ्यातही ओल राहत असेल, तर टाकीवरच संशय घ्यावा.

छायाचित्रांसह लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि विषय समितीच्या बैठकीच्या इतिवृत्तात यावा असा आग्रह धरावा. इमारत नवी असेल आणि ताबा घेऊन पाच वर्षे झाली नसतील, तर रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याच्या कलम १४ नुसार बांधकामातील दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा आहे. तसे नसेल आणि समिती ढिम्म राहिली, तर दुरुस्ती-गळतीचे वाद सहकार न्यायालयात नेता येतात, परंतु त्याआधी सर्वसाधारण सभेत खालच्या मजल्यांवरील दोन-चार सभासद आपल्या बाजूला करून घेणे अधिक लवकर फळते. त्यांना घरी बोलावून ती ओल दाखवावी. कागदावरची गळती कुणाला फारशी समजत नाही.

प्रश्न : २००७ साली बिल्डरने उघड्या पार्किंगचे स्वतंत्र पैसे घेऊन पावती दिली. आता नवी समिती ती जागा आळीपाळीने वाटायची म्हणते.

उत्तर : समितीची बाजू बळकट आहे. उघडी आणि स्टिल्टखालची (इमारतीच्या तळाच्या खांबांमधली) पार्किंगची जागा ही सामाईक असून बिल्डरला ती स्वतंत्र विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला. वाटपाचे नियम सर्वसाधारण सभा ठरवते.

प्रश्न : मी अंबडला नोकरी करते. दोन मैत्रिणींसह सिडको भागात फ्लॅट भाड्याने घ्यायचा आहे. मालक तयार आहेत, पण सोसायटी म्हणते, ‘फक्त कुटुंबांना.’

उत्तर : सदनिका भाड्याने देण्यासाठी सभासदाला सोसायटीची परवानगी घ्यावी लागत नाही, आधी लेखी कळवणे आणि कराराची प्रत देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. भाडेकरू अविवाहित आहेत एवढ्याच कारणावरून अडवणूक करण्यास उपविधींत आधार नाही. समितीला मिळणारा अधिकार पैशाचा आहे आणि त्यालाही मर्यादा आहे : मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क महापालिकेचे कर वगळून सेवाखर्चाच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. तुमच्या बाजूने कागद चोख ठेवावेत. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला असणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे सक्तीचे आहे, आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती मालकाने द्यावी.

एवढे सांगून व्यवहाराची एक गोष्ट सांगतो. कायदा बाजूने असूनही रोज लिफ्टमध्ये आठ्या घातलेले चेहरे पाहत राहणे सुखाचे नाही. मालकांनाच चेअरमनकडे घेऊन जावे, तिघींच्या नोकरीची ओळखपत्रे दाखवावीत आणि घंटागाडीच्या वेळा व पार्किंगचे नियम स्वतःहून विचारावेत. बहुतेक समित्यांची भीती चारित्र्याची कमी आणि कचरा, गाड्या व रात्रीचा गोंगाट यांची जास्त असते, आणि ती आधीच फेडता येते.

प्रश्न : कॉलेज रोडवरील आमची इमारत २८ वर्षांची आहे. एक विकासक पुनर्विकासाचा प्रस्ताव घेऊन आला आहे आणि प्रत्येकाला मोठा फ्लॅट देतो म्हणतो. सोसायटी नोंदलेली आहे, पण जमिनीचे अभिहस्तांतरण (जमीन सोसायटीच्या नावे करून देणे) झालेले नाही. पुढे जावे का?

उत्तर : घाई करू नये. जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा जुन्या बिल्डरच्या नावावर असताना तुम्ही ज्या गोष्टीची वाटणी बोलत आहात, ती कागदोपत्री तुमची नाही. ‘मोठा फ्लॅट’ देण्याचे बोलणारा विकासकही हे जाणून असतो आणि त्याच्या आकड्यात ही अडचण वजा केलेली असते.

मोफा, म्हणजे महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्याच्या कलम ११ प्रमाणे मानीव अभिहस्तांतरणासाठी (बिल्डरने स्वतः करून न दिल्यास आदेशाने होणाऱ्या अभिहस्तांतरणासाठी) जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो आणि कायद्याने त्यांना सहा महिन्यांच्या आत निर्णय द्यायचा असतो. आदेश मिळाला म्हणजे काम झाले, असे समजून कित्येक सोसायट्या फाइल कपाटात ठेवून देतात. त्यापुढे मुद्रांकाचा अभिनिर्णय (मुद्रांक शुल्क किती ते ठरवून घेणे), दस्ताची नोंदणी आणि मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर सोसायटीचे नाव लागणे, हे तीन टप्पे पुरे करावे लागतात. जुन्या सभासदांच्या करारनाम्यांच्या प्रती, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा सारांश), मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला आत्तापासून गोळा करावा, कारण २८ वर्षांत दोन-तीनदा विकल्या गेलेल्या फ्लॅटचा पहिला करारनामा शोधण्यातच निम्मा वेळ जातो.

दरम्यान संरचनात्मक तपासणी करून घ्यावी. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीसाठी ती पाच वर्षांतून एकदा आणि तिसाव्या वर्षानंतर तीन वर्षांतून एकदा करावी, असा उपविधींचा दंडक आहे. तुमच्या अहवालात दुरुस्तीने आणखी बारा-पंधरा वर्षे निघतील असे आले, तर तो पर्यायही सभेपुढे खर्चासह ठेवावा. वयस्क सभासदांना दोन-तीन वर्षे भाड्याच्या जागेत काढणे किती जड जाते, हे क्षेत्रफळाच्या तक्त्यात दिसत नाही. पुनर्विकासाचाच निर्णय झाला, तर राज्य शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते आणि विकासकाची निवड निबंधक कार्यालयाच्या प्रतिनिधीसमोर व्हावी लागते. स्वतःहून चालत आलेला एकच प्रस्ताव सभेत टाळ्या वाजवून मंजूर करणे या पद्धतीत बसत नाही. आधी स्वतंत्र वास्तुविशारद किंवा प्रकल्प सल्लागार नेमून भूखंडावर किती बांधकाम निघते याचा अहवाल घ्यावा, मग निविदा मागवाव्यात.

तुलना करताना सर्व आकडे रेरा कायद्यातील चटई क्षेत्रात, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या जागेत मागावेत. त्या व्याख्येत बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि स्वतंत्र गच्ची धरलेली नसते. जुन्या करारनाम्यांत बिल्टअप किंवा सुपर बिल्टअपचा (भिंती किंवा सामाईक जागाही धरून मोजलेला) आकडा असल्यास एखाद्या अभियंत्याकडून सध्याच्या घरांची मोजणी करून घ्यावी, अन्यथा ‘मोठा’ म्हणून दाखवलेला फ्लॅट कपाट ठेवायच्या वेळी लहान निघतो. नव्या उंच इमारतीत दोन लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा, जनरेटर आणि सांडपाणी प्रक्रिया आली की मासिक खर्च आजच्या कित्येक पट होतो, तेव्हा निवृत्त सभासदांसाठी काही वर्षांच्या देखभालीची रक्कम विकासकाकडून कॉर्पस (राखीव ठेव) म्हणून मिळावी, ही अट करारात आधीच घालून घ्यावी. नंतर ती मागता येत नाही.